आठ दिवसांचे दप्तर

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या अमेरिकी भयपटाच्या सुरुवातीला काळ्या पडद्यावर एक छोटे निवेदन येते. ऑक्टोबर 1994 मध्ये मेरीलँड राज्यातल्या बर्किट्सव्हिल गावाजवळच्या जंगलात माहितीपट करायला गेलेले तीन विद्यार्थी बेपत्ता झाले आणि वर्षभराने त्यांनी केलेले चित्रण सापडले, असा त्याचा आशय. यातले राज्य खरे आहे आणि गावही खरे आहे. बाकीचे एकेक विधान खोटे ठरवता येते. चित्रण 1994 चे नाही, ऑक्टोबर 1997 चे आहे. ते तिघे विद्यार्थी नव्हते. जाहिरात वाचून न्यूयॉर्कमध्ये निवडचाचणीला आलेले नट होते. ते हरवलेही नव्हते, कारण पुढचा मुक्काम दाखवणारे जीपीएस यंत्र त्यांच्याजवळ होते. आणि फिती कुणाला सापडल्या नाहीत. चित्रीकरण चालू असताना त्या रोजच्या रोज गोळा केल्या जात होत्या.

असे असूनही त्यानंतरच्या 81 मिनिटांत जे दिसते, त्यातले पुष्कळसे खरोखर घडलेले आहे. त्या तीन माणसांचा थकवा रंगभूषेचा नाही. ओले कपडे पावसाने ओले झालेले आहेत. चिडचिडीमागे अर्धे पोट आणि मोडलेली झोप आहे. खोट्या शीर्षकाखाली बांधलेला हा खरा ऐवज आहे, आणि चित्रपटाचे बळ व दुबळेपण दोन्ही तिथेच आहेत.

‘सापडलेल्या चित्रफिती’च्या भयपटाला जगभर ‘फाउंड फुटेज’ म्हणतात. 1999 साली ‘ब्लेअर विच’ प्रदर्शित झाल्यापासून या प्रकारावर वाद चालू आहे, आणि तो बहुधा आवडीनिवडीवर येऊन थांबतो. कुणाला भीती वाटली, कुणाचे डोके दुखले. मला तो पुराव्याच्या अंगाने तपासावासा वाटतो, कारण या चित्रपटाभोवतीचे साहित्य भरपूर आहे: सुमारे 35 पानांच्या आराखड्याची माहिती, नटांना दिलेल्या चिठ्ठ्यांविषयीची त्यांची स्वतःची निवेदने, न वापरलेले शेवट, दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम, ‘बेपत्ता’ अशी भित्तिपत्रके, तिकीटबारीचे आकडे, आणि अगदी 2024 सालचे एक जाहीर पत्र. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आपल्याला अस्सल पत्र आणि बखर यांत फरक करायला शिकवले. तीच कसोटी इथे लावता येते, कारण या चित्रपटाने अस्सल पत्राचे रूप घेतले आणि त्याच्या भोवती स्वतःच एक बखर लिहिली.

आधी बखर पाहू. चित्रपटाचे दिग्दर्शक डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे दोघे फ्लोरिडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडामध्ये चित्रपटाचे विद्यार्थी होते. ग्रेग हेल, रॉबिन कॉवी आणि मायकल मोनेलो यांच्यासोबत त्यांनी हॅक्सन फिल्म्स ही संस्था काढली. हे नाव बेन्यामिन क्रिस्टेन्सन यांच्या 1922 सालच्या मूकपटावरून घेतले. चेटकिणी म्हणून बायकांच्या झालेल्या छळाचा तो इतिहास, अर्धा माहितीपट आणि अर्धे नाट्य. संस्थेला हे नाव देणाऱ्यांना आपण कोणत्या परंपरेत उभे आहोत याची चांगली जाण होती.

त्यांनी रचलेली कालरेषा अशी. 1785 साली ब्लेअर नावाच्या वस्तीत एली केडवर्ड या बाईवर मुलांचे रक्त काढल्याचा आरोप होतो आणि तिला ऐन हिवाळ्यात जंगलात हाकलले जाते. पुढच्या हिवाळ्यात आरोप करणारे आणि गावातली निम्मी मुले नाहीशी होतात, वस्ती ओस पडते. 1824 मध्ये त्याच जागी बर्किट्सव्हिल वसते. 1825 मध्ये एक मुलगी ओढ्यात ओढली जाते, 1886 मध्ये दुसरी हरवते, आणि 1940 च्या सुमारास रस्टिन पार नावाचा जंगलात राहणारा माणूस सात मुलांचे खून करतो.

या सगळ्याला मेरीलँडच्या इतिहासात कसलाही आधार नाही. ब्लेअर नावाची वस्ती तिथे नव्हती, एली केडवर्ड नव्हती, पारही नव्हता. एक तारीख मात्र खरी आहे: 1824. जोशुआ हार्ली आणि हेन्री बर्किट यांच्या जमिनींवर हे गाव त्याच साली वसले. खोट्या सनावळीत एक खरा सन ठेवण्याचे हे काम फार विचारपूर्वक केलेले आहे. ज्याने पडताळायचे ठरवले असेल, तो बहुधा याच सनापासून सुरुवात करणार आणि तो सन जुळल्यावर पुढचे मान्य करण्याकडे त्याचा कल होणार. बनावट सनदा करणारेही असेच करतात. राजाचे नाव आणि तिथी बिनचूक ठेवतात, खोटेपणा फक्त दानाच्या मजकुरात असतो.

या गावाचा खरा इतिहास बखरीत आलाच नाही, याची खंत वाटते. 14 सप्टेंबर 1862 रोजी, यादवी युद्धात, गावाच्या डोक्यावरच्या क्रॅम्प्टन खिंडीत लढाई झाली आणि इथली चर्चे जखमी सैनिकांची इस्पितळे बनली. ज्या गावात इतके मरण प्रत्यक्ष येऊन गेले, त्या गावाला एक रचलेली चेटकीण चिकटली. दोनशेहूनही कमी वस्तीच्या त्या गावात 1999 नंतर पर्यटकांची रीघ लागली आणि गावाच्या नावाच्या पाट्या चोरीला गेल्या.

आता अस्सल ऐवजाकडे वळू. नटांसाठीची जाहिरात ‘बॅकस्टेज’ या नाट्यव्यवसायाच्या पत्रात आली. निवडचाचणीत संहिता दिली जात नव्हती. आत येणाऱ्याला थेट प्रसंग सांगितला जाई: तुम्ही नऊ वर्षांच्या शिक्षेपैकी सात वर्षे भोगली आहेत, तुम्हाला आम्ही का सोडावे? जो अडखळला तो बाद. हेदर डॉनह्यू यांनी मला सोडू नका अशा अर्थाचे उत्तर दिले, असे नंतर अनेकदा सांगितले गेले. त्यांच्यासोबत जोशुआ लेनर्ड आणि मायकल विल्यम्स निवडले गेले. तिघांनीही पडद्यावर स्वतःचीच नावे वापरली. त्या क्षणी ही किरकोळ बाब वाटली असेल. पुढे याच बाबीने त्यांचा पिच्छा पुरवला.

चित्रीकरण आठ दिवस चालले, मुख्यतः मेरीलँडच्या सेनेका क्रीक राज्य उद्यानात. डॉनह्यू यांच्याकडे हाय-एट व्हिडिओ कॅमेरा, लेनर्ड यांच्याकडे सीपी-16 हा 16 मिलिमीटरचा कृष्णधवल फिल्म कॅमेरा, विल्यम्स यांच्याकडे ध्वनिमुद्रणाचे यंत्र. छायाचित्रणकार नील फ्रेडरिक्स यांनी त्यांना यंत्रे हाताळायला शिकवले आणि मग माघार घेतली. पुढच्या ठिकाणी एक क्रेट ठेवलेला असे. त्यात थोडे खाणे आणि फिल्मच्या रिकाम्या डब्यांत प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी. चिठ्ठी एकमेकांना दाखवायची नाही, असा नियम. आज तू नेतृत्वावर शंका घे, आज तू परत फिरण्याचा हट्ट धर, अशा स्वरूपाच्या त्या सूचना. संवाद नटांचे स्वतःचे. खाणे दिवसागणिक कमी होत गेले. ग्रेग हेल यांना सैनिकी प्रशिक्षणाचा अनुभव होता आणि माणूस थकला की काय होतो हे त्यांना ठाऊक होते. रात्री दिग्दर्शक आणि त्यांचे सहकारी तंबू हलवत, लहान मुलांचे ध्वनिमुद्रित आवाज लावत, दगडांचे ढीग रचत. कुणाला भूमिकेबाहेर यायचे असेल तर ‘टाको’ हा खुणेचा शब्द ठरलेला होता.

या व्यवस्थेतून जे मिळाले ते मला या प्रकाराचे सर्वांत मोठे बळ वाटते: तिघांपैकी कुणालाच पूर्ण कथा माहीत नाही. नेहमीच्या भयपटात दचकणाऱ्या नटीला दार केव्हा उघडणार ते पाठ असते. तिची मान एका क्षणाआधी वळते, नजर जागेवर आधीच पोहोचलेली असते, आणि प्रेक्षकाला हे कळत नसले तरी जाणवते. इथे तंबू हलतो तेव्हा आतल्यांना आज तंबू हलणार हे माहीत नसते. सुरुवातीच्या गावकऱ्यांच्या मुलाखतींतही काही जण दिग्दर्शकांनी पेरलेले नट होते आणि काही खरेखुरे रहिवासी; कोण कुठले, हे विचारणाऱ्यांना सांगितले नव्हते. म्हणून त्या मुलाखतींत हेदर ज्या अर्धवट शंकेने ऐकते, ती शंका खरी आहे. अज्ञानाला अभिनयात जागा देणे ही या चित्रपटाची खरी नवी कल्पना. हलता कॅमेरा ही तिची केवळ बाह्य खूण आहे, आणि नंतर आलेल्या बहुतेकांनी तेवढीच खूण उचलली.

दुसरे बळ शेवटच्या प्रसंगात आहे, आणि ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तिथे यंत्रांचा नीट विचार केलेला दिसतो. जोश नाहीसा झालेला आहे. रात्री त्याची हाक ऐकू येते आणि माईक व हेदर एका पडक्या घरात शिरतात. हे घर पटॅप्स्को खोऱ्यातल्या राज्य उद्यानात होते. माईकच्या हातात व्हिडिओ कॅमेरा आहे, हेदरच्या हातात फिल्म कॅमेरा. फिल्म कॅमेरा आवाज टिपत नाही. माईक तळघराकडे धावतो, काहीतरी होते, व्हिडिओ कॅमेरा खाली पडतो. त्यानंतर आपल्याला दिसते ते हेदरच्या कॅमेऱ्यातून, पण ऐकू येते ते तळघरात पडलेल्या माईकच्या यंत्रातून. म्हणून हेदरच्या किंकाळ्या आधी लांबून येतात. ती जिने उतरते तशा त्या जवळ येत जातात. आपण तिच्या डोळ्यांनी पाहतो आणि जो माणूस आता बोलत नाही, त्याच्या कानांनी ऐकतो. यात कुठलाही राक्षस नाही, रक्त नाही, संगीत नाही. दोन यंत्रे, एक मुके आणि एक आंधळे झालेले, आणि त्यांच्यामधले अंतर मिटत जाते. कोपऱ्याकडे तोंड करून उभा असलेला माईक एक क्षण दिसतो, कॅमेरा पडतो, चित्रपट संपतो. पुराव्याच्या मर्यादेतूनच भीती निर्माण करण्याचे याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

याच शेवटाशी जोडलेला एक प्रक्षेपही आहे, तो नोंदवायला हवा. सुरुवातीच्या प्रेक्षकांना कोपऱ्यातल्या माणसाचा अर्थ लागेना. वितरकांनी दुसरे शेवट चित्रित करायला पैसे दिले आणि ते केलेही गेले. एकात माईक गळफास लागलेला दिसतो. दिग्दर्शकांनी अखेर मूळ शेवट ठेवला, पण सुरुवातीला एका गावकऱ्याची नवी मुलाखत घातली: पार एका मुलाला कोपऱ्यात उभे करून दुसऱ्याला मारत असे, कारण पाहणारे डोळे त्याला सहन होत नसत. पोथीत मागाहून शिरलेली ओवी कधी मूळ ओव्यांपेक्षा सरस असते, तसे इथे झाले आहे. ही मुलाखत नसती तर शेवट नुसता चमत्कारिक राहिला असता. तिच्यामुळे तो भयंकर झाला. मात्र यातून दुसरीही गोष्ट सिद्ध होते. ‘सापडलेला’ पुरावा स्वतःच्या बळावर पुरेसा बोलत नव्हता. त्याला भाष्यकाराची गरज पडली.

इथून दुबळेपणाची चर्चा सुरू होते. चित्रीकरण सुमारे 20 तासांचे, चित्रपट 81 मिनिटांचा. म्हणजे पंधरापैकी चौदा भाग टाकून दिले. संकलनाला कित्येक महिने लागले. आधीची एक आवृत्ती अडीच तासांची होती, आणि मूळ बेत तर या फिती एका मोठ्या माहितीपटात बसवण्याचा होता. त्यात पोलिसांचा तपास, नातेवाईक, जाणकार अशा मुलाखती असणार होत्या. तो बेत सोडून फक्त फिती ठेवल्या, हा निर्णय अचूक होता. पण त्यामुळे एक प्रश्न उघडा पडला, आणि तो या साऱ्या प्रकाराचा मूळ दोष आहे: हे जोडले कुणी? रंगीत व्हिडिओतून कृष्णधवल फिल्मवर, पुन्हा व्हिडिओवर, नेमक्या क्षणी, आवाज न तुटता कोणी नेले? पोलीस असे संकलन करत नाहीत. नातेवाईक करणार नाहीत. कथेच्या जगात संकलक नाहीच, आणि पडद्यावर त्याचा हात प्रत्येक क्षणी दिसतो. अस्सल पत्र म्हणून पुढे ठेवलेला हा कागद कुणीतरी कापून नीट बेतलेला आहे, आणि कापणाऱ्याची सही त्यावर नाही.

दुसरा दोष सगळ्यांनाच दिसतो: जीव जायची वेळ आली तरी हे लोक चित्रण का थांबवत नाहीत? ‘ब्लेअर विच’ने त्याचे उत्तर द्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे. कॅमेऱ्यातून पाहिले की समोरचे तितकेसे खरे वाटत नाही, असे जोश एका प्रसंगी हेदरला सुनावतो, आणि तिच्या स्वभावातला हट्ट तोवर आपण पाहिलेला असतो. एका व्यक्तिरेखेपुरते हे उत्तर पटते. प्रकाराचा नियम म्हणून पटत नाही. नंतरच्यांनी त्यातून वेगळा मार्ग काढला. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात सुमारे 15,000 डॉलरांत चित्रित केला आणि रात्रीचा कॅमेरा तिवईवर ठेवून दिला; माणसे झोपतात, यंत्र जागे राहते. आपल्याकडे पवन कृपलानी यांच्या ‘रागिनी एमएमएस’ने 2011 साली घरात लपवलेल्या कॅमेऱ्यांचा आधार घेतला. तिथे चित्रण चालू राहण्यामागे एक हलकट हेतू आहे, त्यामुळे प्रश्नच उरत नाही. त्या हिंदी चित्रपटातले भूत मराठीत बोलते आणि आपण चेटकीण नसल्याचे सांगते, हे मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको. एली केडवर्डला मात्र स्वतःची बाजू मांडायला एकही वाक्य मिळालेले नाही. चेटकीण ठरवलेल्या बाईची साक्ष ‘ब्लेअर विच’च्या सगळ्या दप्तरात कुठेही नाही, आणि चेटकिणींच्या छळावरच्या मूकपटावरून संस्थेचे नाव घेतलेल्या लोकांकडून ही उणीव राहावी, हे मला खटकते.

तिसरा दोष कंटाळ्याचा. चित्रपटाच्या मधल्या भागात भांडणे फार आहेत, आणि तीच ती आहेत: नकाशा, वाट, दोष कुणाचा. खरी थकलेली माणसे असेच भांडतात, हे मान्य. पण खरेपणा सिद्ध झाल्यावर त्याची पुनरावृत्ती प्रेक्षकाला काही नवे देत नाही. शिवाय हलत्या चित्रामुळे मळमळ झाल्याच्या तक्रारी त्या वेळी अनेक चित्रपटगृहांतून आल्या. रॉजर इबर्ट यांच्यासारख्या समीक्षकांनी पूर्ण चार तारे दिले, तर बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या पाहणीत, सिनेमास्कोरमध्ये, चित्रपटाला ‘सी प्लस’ मिळाला. हे दोन निकाल एकाच पटाचे आहेत. समीक्षकांना तो चित्रपट म्हणून दाखवला गेला आणि प्रेक्षकांपैकी अनेकांना पुरावा म्हणून. पुराव्यात काहीतरी ठोस दिसावे, ही अपेक्षा घेऊन ते आले होते.

ती अपेक्षा कशी तयार झाली, त्याचेही पुरावे आहेत. जॉन पिअरसन यांच्या ‘स्प्लिट स्क्रीन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात चित्रपट पूर्ण होण्याआधीच त्यातला अंश दाखवला गेला. सांचेझ यांनी वेबसाइटवर कालरेषा, पोलिसांची म्हणून छायाचित्रे, हेदरची दैनंदिनी असा ऐवज मांडला. जानेवारी 1999 मध्ये सनडान्स महोत्सवात मध्यरात्रीचा खेळ झाला, महोत्सवाच्या गावात ‘बेपत्ता’ अशी भित्तिपत्रके लागली, आणि आर्टिझन कंपनीने सुमारे 11 लाख डॉलरांना हक्क घेतले. जुलैमध्ये साय-फाय वाहिनीवर ‘कर्स ऑफ द ब्लेअर विच’ हा माहितीपटाच्या रूपातला कार्यक्रम आला. मूळ बेतातून वगळलेले साहित्य त्यात वापरले होते. 14 जुलैला मोजक्या चित्रपटगृहांत प्रदर्शन, पहिल्या शनिवार-रविवारी 27 पडद्यांवर सुमारे 15 लाख डॉलर. 30 जुलैला 1,100 पडदे आणि 2 कोटी 92 लाख डॉलर. जगभरातली अखेरची कमाई 24 कोटी 86 लाख डॉलर. चित्रीकरणाचा मूळ खर्च 60,000 डॉलरांच्या आतबाहेरचा होता.

हा पसारा चित्रपटाचाच भाग होता, आणि म्हणूनच तो टिकणारा नव्हता. नट जिवंत आहेत हे जाहीर झाले तेव्हा बखर संपली. आज जो हा चित्रपट पाहतो, त्याला भीती दाखवायला फक्त आठ दिवसांचा ऐवज उरतो. माझ्या मते तो पुरतो, कारण तंबूतल्या रात्री आणि तळघराचा जिना यांना जाहिरातीची गरज नाही. पण निम्मा परिणाम काळाबरोबर गेला, हेही खरे. एकदाच वापरता येणारी युक्ती पायात असेल, तर इमारत वाकते. ‘बुक ऑफ शॅडोज’ हा दुसरा भाग 2000 सालीच आला. त्याचे दिग्दर्शक जो बर्लिंजर मुळात माहितीपटकार, तरी त्यात सापडलेल्या फितींचे रूपच सोडले होते. 2016 साली ॲडम विंगार्ड यांनी ‘ब्लेअर विच’ नावाने पुन्हा त्या जंगलात नवी मंडळी पाठवली. या वेळी कानाला लावायचे कॅमेरे होते, आकाशातून पाहणारा ड्रोन होता. कॅमेरे वाढले तसे न दिसणारे कमी झाले, आणि भीती त्याच प्रमाणात उतरली. पुरावा अपुरा असणे हा या प्रकाराचा श्वास आहे, हे त्या प्रयत्नाने उलट्या बाजूने दाखवून दिले.

खोटा पुरावा किती लांब जाऊ शकतो, याचा जुना दाखला इटलीत आहे. 1980 साली रुज्जेरो देओदातो यांचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ मिलानमध्ये लागला आणि दहा दिवसांत जप्त झाला. त्यातही ॲमेझॉनच्या जंगलात मेलेल्या चित्रणपथकाच्या फिती सापडल्याचा बहाणा होता, आणि नटांना वर्षभर कुठे न दिसण्याची अट घातली होती. दिग्दर्शकावर नटांच्या खुनाचा संशय आला. नट जिवंत असल्याचे त्यांना दाखवून द्यावे लागले. माणसे सुखरूप निघाली. पण त्या चित्रपटात मारलेले प्राणी खरोखर मारलेले आहेत, आणि ती हिंसा कोणत्याही कलेच्या नावाने माफ होणारी नाही. खरेपणाची हाव कुठपर्यंत नेते, ते तिथे दिसते. ‘ब्लेअर विच’मध्ये तसले काही नाही. तिथली किंमत वेगळी होती आणि ती तिघांनी मोजली.

चित्रपट लागला तेव्हा या नटांनी लोकांसमोर येणे वितरकांना नको होते. चित्रपटविषयक सूचीत त्यांची नोंद बेपत्ता, बहुधा मृत, अशी केली गेली. डॉनह्यू यांच्या आईला सांत्वनाची पत्रे आली. उन्हाळ्यातला सर्वांत गाजलेला चित्रपट, आणि त्यातल्या तिघांना कुणी काम देईना, कारण त्यांनी काम केले हेच लोकांना माहीत नव्हते. पुढच्या मार्चमध्ये डॉनह्यू यांना सर्वांत वाईट अभिनेत्रीचा रॅझी पुरस्कार मिळाला. या निवाड्याइतका अन्यायकारक निवाडा या साऱ्या कागदपत्रांत दुसरा नाही. तंबूत, कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ की निम्मा चेहरा चौकटीबाहेर, ती सर्वांच्या आयांची माफी मागते तो प्रसंग जगभर विडंबनाचा विषय झाला. त्यातले शब्द, श्वास आणि चौकट सारे तिचे होते. त्याच वर्षी चित्रपटाला पाच लाख डॉलरांखालच्या सर्वोत्तम पहिल्या चित्रपटाचा इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला, तो मात्र दिग्दर्शक-निर्मात्यांच्या नावे.

दुसऱ्या भागासाठी आपली नावे आणि प्रतिमा परवानगीविना वापरल्याबद्दल तिघांनी आर्टिझनवर दावा लावला, आणि तो तडजोडीने मिटला. डॉनह्यू यांनी पुढे अभिनय सोडला आणि कालांतराने नावही बदलले. भूमिकेला दिलेले स्वतःचे नाव त्यांना परत मिळाले नव्हते.

एप्रिल 2024 मध्ये, आता हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या लायन्सगेट कंपनीने नव्या ‘ब्लेअर विच’ची घोषणा केली, तेव्हा तिघांनी जाहीर पत्र काढले. मागण्या तीन. कलावंतांच्या संघटनेचे नीट संरक्षण असते तर मिळाला असता तेवढा मागील आणि पुढील मोबदला. आपली नावे किंवा प्रतिमा जिथे येतील त्या नव्या प्रकल्पात सल्लामसलत. आणि पहिला चित्रपट करू पाहणाऱ्या होतकरू दिग्दर्शकासाठी दरवर्षी 60,000 डॉलरांचे अनुदान, म्हणजे मूळ चित्रपटाच्या खर्चाइतके. मूळ दिग्दर्शक आणि निर्मात्यांनीही या तिघांना जाहीर पाठिंबा दिला.

या पत्राकडे मी केवळ पैशाचा वाद म्हणून पाहत नाही. या चित्रपटाचे संवाद कुणी लिहिले नव्हते, ते तिघांनी बोलले. बहुतेक चौकटी कुणी आखल्या नव्हत्या, त्या तिघांनी धरल्या. बखरीचे श्रेय मायरिक, सांचेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, आणि ते निर्विवाद आहे. ऐवजाचे श्रेय मात्र डॉनह्यू, लेनर्ड आणि विल्यम्स यांचे आहे. बखर विस्मरणात गेली, ऐवज अजून पाहिला जातो, आणि त्याच्या जोरावर कंपनी पुढचे चित्रपट काढते. पहिली मागणी रास्त आहे, आणि ती पूर्ण व्हायला हवी.